डोमेन कंट्रोलर नवे, अ‍ॅप्लिकेशन्स जुनी: २०१२ आर२ वरून २०२५ ला जाताना काय काय सांभाळायचं?

खटपट्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चार डोमेन कंट्रोलर (सगळी खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) आहेत. दोन विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चे, दोन २०१६ चे. २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, ऑडिटवाले आता ऐकून घेत नाहीत. २०१६ चाही जानेवारी २०२७ मध्ये संपतोय. तेव्हा एकदाच काय ते सर्व्हर २०२५ वर जाऊ असं ठरतंय.

सर्व्हर उभे करणं, रोल हलवणं, जुने डिमोट करणं (डोमेन कंट्रोलरपदावरून उतरवणं) हे काम हातातलं आहे. झोप उडवलीय ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (एडी, म्हणजे या सर्व्हरवरची खात्यांची डिरेक्टरी) लटकलेल्या जुन्या अ‍ॅप्लिकेशन्सनी. माझ्या यादीत सध्या एवढं आहे: जावा ७ वर चालणारं हजेरीचं अ‍ॅप्लिकेशन, जे एलडॅपच्या (डिरेक्टरीशी बोलण्याचा प्रोटोकॉल) उघड्या पोर्ट ३८९ वर साधं युजरनेम-पासवर्ड पाठवतं. पीएचपीतलं एक इंट्रानेट, ज्यात डोमेन कंट्रोलरचा आयपी थेट कोडमध्ये लिहिलाय. अ‍ॅड्रेस बुकसाठी एलडॅप वापरणारे स्कॅनर. एक म्हातारं नॅस (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा). आणि साठ्याच्या नोंदींचं एक सॉफ्टवेअर, ज्याचा व्हेंडर आता अस्तित्वात नाही आणि जे अनामिक बाइंड करून (बाइंड म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन, इथे खातं-पासवर्ड न देता) नावं शोधतं.

हे सगळं चालू ठेवून वर जाता येईल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी

सोपं आहे. तीन नवे करा, एक जुना २०१२ आर२ कोपऱ्यात तसाच ठेवा आणि सगळी जुनी अ‍ॅप्स त्याच्याकडे वळवा. कुणाला पत्ताही लागणार नाही.

जुनेजाणते

रात्रपाळी, हा उपाय २०२५ च्या बाबतीत मुळातच चालत नाही. २०२५ चा डोमेन कंट्रोलर जोडायचा तर फॉरेस्ट (डोमेनांचा समूह) आणि डोमेनची फंक्शनल लेव्हल (डिरेक्टरी कुठल्या आवृत्तीच्या पातळीवर चालते ती) किमान २०१६ लागते. आणि २०१२ आर२ चा एक जरी डोमेन कंट्रोलर जिवंत असला तर लेव्हल २०१६ ला नेता येत नाही. म्हणजे जुने आधी जायला हवेत, मग नवा येणार.

खटपट्या, तुमचा क्रम त्यामुळे असा पडतो: दोन २०१२ आर२ काढायचे, त्यांच्या जागी हवे तर २०२२ चे आणायचे किंवा तेवढे दिवस दोन २०१६ वर भागवायचं, लेव्हल चढवायची, आणि मग २०२५. सिसव्हॉलची (सगळ्या डोमेन कंट्रोलरांवरच्या सामायिक फोल्डरची) प्रतिकृती अजून एफआरएस या जुन्या पद्धतीवर असेल तर ती आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्या. सर्व्हर २०१९ पासून एफआरएस चालतच नाही. डोमेन २००३ च्या काळात जन्मलेलं असेल तर हे हटकून निघतं.

आणि जुना ‘कोपऱ्यातला’ सर्व्हर म्हणाल, तर डोमेन कंट्रोलर कोपऱ्यात नसतोच. प्रत्येकाकडे सगळ्या खात्यांच्या पासवर्ड हॅशची पूर्ण प्रत असते. पॅच न मिळणारा एक ठेवणं म्हणजे सगळंच तिथे ठेवणं.

रात्रपाळी

लेव्हलचं लक्षात आलं नव्हतं. मग २०२५ वर साइनिंगची (एलडॅप संदेशांवर डिजिटल सही हवी या सक्तीची) पॉलिसी सैल करून टाका, झालं. तेवढं तर मायक्रोसॉफ्टने अजून ठेवलंय ना?

मधुमालती

ठेवलंय, पण त्यावर येण्याआधी एक मोठी गोष्ट. खटपट्या, तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र बांधताय. एक म्हणजे सर्व्हर बदलणं. दुसरं म्हणजे डिरेक्टरीचे नियम कडक होणं. अ‍ॅप्लिकेशन्स जवळजवळ नेहमी दुसऱ्याने मोडतात, पहिल्याने नाही. एलडॅप प्रोटोकॉल तोच आहे, गुणधर्मांची नावं तीच आहेत, झाड तेच आहे. बदलतं ते सर्व्हर काय नाकारतो एवढंच.

म्हणून कडक नियम आत्ता, जुन्याच सर्व्हरवर लावून बघा. २०१६ वर ‘साइनिंग अनिवार्य’ ही पॉलिसी आजही आहे. काही मोडलं तर पॉलिसी मागे घ्यायला पाच मिनिटं लागतात. तेच अपग्रेडच्या रात्री मोडलं तर दोष स्कीमाचा (डिरेक्टरीच्या आराखड्याचा), सर्टिफिकेटचा, डीएनएसचा की साइनिंगचा हे शोधण्यात सकाळ होते. शिवाय स्कीमा एकदा वाढवला की मागे नेता येत नाही, हे वेगळंच.

आता कोण मोडेल ते कसं कळणार? तुमची यादी बाजूला ठेवा. यादी माणसांच्या आठवणीतून येते. लॉगला विचारा.

डोमेन कंट्रोलरच्या ‘डिरेक्टरी सर्व्हिस’ लॉगमध्ये इव्हेंट २८८७ बघा. गेल्या २४ तासांत साइन न करता किंवा उघड्यावर किती बाइंड झाले त्याचा तो आकडा देतो. नुसता आकडा, नावं नाहीत. नावं हवी असतील तर रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नॉस्टिक्सखाली ‘१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स’ ही नोंद २ करा. मग प्रत्येक अशा बाइंडसाठी २८८९ पडतो. त्यात क्लायंटचा आयपी असतो, कुठलं खातं वापरलं ते असतं, आणि बाइंडचा प्रकार असतो: ० म्हणजे साइन न केलेलं सासल (एनटीएलएम किंवा कर्बरॉससारख्या पद्धतीने ओळख पटवणारं बाइंड), १ म्हणजे साधं बाइंड (पासवर्ड थेट पाठवणारं). हा फरक महत्त्वाचा आहे. १ वाल्यांना टीएलएसमध्ये (एन्क्रिप्टेड जोडणीत) गुंडाळलं की बहुतेकदा भागतं. ० वाल्यांना क्लायंटकडेच साइनिंग चालू करावं लागतं.

तीन गोष्टी सांभाळा. हे प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर लावायचं, एकावर नाही. लॉगचा आकार वाढवा, नाहीतर गोंगाट करणारं एक अ‍ॅप बाकी सगळ्यांच्या नोंदी पुसून टाकतं. आणि महिनाअखेर, तिमाहीअखेर त्यात येऊ द्या, कारण काही जॉब तेव्हाच उठतात.

जुनेजाणते

+१. त्यात भर: मध्ये लोड बॅलन्सर असेल आणि तो पत्ता बदलून पुढे पाठवत असेल, तर २८८९ मध्ये सगळे आयपी बॅलन्सरचेच दिसतात. मग खात्याच्या नावावरून ओळखावं लागतं. आणि जुन्या ठिकाणी एकच ‘एलडॅप’ नावाचं खातं सगळी अ‍ॅप्स मिळून वापरत असतात! आधी प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचं खातं द्या. तेवढ्यानेच निम्मा गुंता सुटतो. ते खातं डोमेन अ‍ॅडमिन गटात असेल तर बाहेर काढा. ‘व्हेंडरने सांगितलं होतं’ हे कारण मी फार ऐकलंय. नावं वाचायला कुठल्याही साध्या खात्याचे अधिकार पुरतात.

आणखी एक. २८८९ फक्त उघड्यावरचे दाखवतो. एलडॅपच्या टीएलएसवाल्या पोर्ट ६३६ वरून येणारी पण जुनाट टीएलएस बोलणारी अ‍ॅप्स त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ६३६ आणि ३२६९ वरचं पॅकेट कॅप्चर घ्या आणि क्लायंट हॅलोमध्ये (जोडणीच्या पहिल्या संदेशात) कुठली आवृत्ती मागितली जाते ते बघा. २०२५ वर एलडॅपसाठी टीएलएस १.३ आलंय, त्याने १.२ वाल्यांचं काही बिघडत नाही. पण १.० च्या पुढे न जाणारे असतील तर ते आत्ताच कळायला हवेत.

मधुमालती

आणि रात्रपाळींच्या प्रश्नाचं राहिलंच. २०२५ वर नव्याने उभ्या केलेल्या डिरेक्टरीत साइनिंग मुळातच अनिवार्य असतं. जुन्या डोमेनमध्ये २०२५ आणला तर आधीची पॉलिसी पाळली जाते. पण कित्येक ठिकाणी ती पॉलिसी कधी कुणी ठरवलेलीच नसते, ‘नॉट डिफाइन्ड’ असते. ‘काहीच ठरवलेलं नाही’ याचा अर्थ सर्व्हरची आवृत्ती बदलली की बदलू शकतो. म्हणून सैल ठेवायची असो वा कडक, किंमत पॉलिसीत स्पष्ट लिहा आणि का लिहिली तेही नोंदवा. चॅनेल बाइंडिंगचंही (लॉगिन त्याच टीएलएस जोडणीला बांधून ठेवणं) तसंच: ० कधीच नाही, १ क्लायंटला जमत असेल तर, २ नेहमी. जुन्यांचा घोळका असेल तर १ वर सुरू करा.

माझं मत विचाराल तर एका स्कॅनरसाठी सगळ्या डोमेनचं दार उघडं ठेवणं मला पटत नाही. ज्याला अडचण आहे त्याच्यापुरती सोय करावी.

खटपट्या (धागाकर्ता)

मधुमालतीताई, जुनेजाणतेकाका, अनेक आभार. २८८९ चालू करून आलो. महिनाअखेर अजून यायचीय, पण जे दिसलं ते पुरेसं धक्कादायक आहे. माझ्या यादीतली सगळी नावं निघालीच. वर दाराच्या कार्डांची सिस्टिम निघाली, बॅकअपचं सॉफ्टवेअर निघालं, आणि एका विभागाने स्वतःच्या हौसेने उभं केलेलं विकी निघालं. याबद्दल आमच्यापैकी कुणालाच माहिती नव्हती.

एक शंका. साइनिंग अनिवार्य करून चाचणी घ्यायची तर सगळ्या अ‍ॅप्सवर एकदम परिणाम होईल ना?

जुनेजाणते

नाही होणार. साइनिंगची सक्ती प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपापली करतो. चारपैकी एकावरच ती लावा. त्यासाठी वेगळी पॉलिसी त्या एका सर्व्हरपुरती गाळून लावता येते. ‘एलडीपी’ टूलने ३८९ वर साधं बाइंड करून बघा, ‘स्ट्राँग ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ असं आलं म्हणजे लागू झाली. मग एकेका अ‍ॅपच्या मशिनवर होस्ट्स फाइलमधून त्याला त्या सर्व्हरकडे वळवा. चाललं तर पुढचं. फक्त हा सर्व्हर बाकीच्या क्लायंटनाही डीएनएसमधून मिळत राहतो, तेव्हा आधी २८८९ बघूनच हे करा. शक्य असेल तर त्याला वेगळ्या साइटमध्ये ठेवा.

एलडॅपचे एरर कोड डोळ्यांसमोर ठेवा. सर्व्हरने साइनिंगवरून नाकारलं तर कोड ८ येतो. पासवर्ड चुकला तर ४९, आणि त्यातल्या डेटामध्ये ५२ई. खातं लॉक असेल तर ७७५, पासवर्डची मुदत संपली असेल तर ५३२. जुनी अ‍ॅप्स या सगळ्याला ‘चुकीचा पासवर्ड’ असंच म्हणतात. मग हेल्पडेस्क दिवसभर पासवर्ड रीसेट करत बसतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हेल्पडेस्कला आधी सांगून ठेवा.

सांधेवाला

आता ज्यांचं काहीच बदलता येत नाही त्यांच्याबद्दल. माझा सगळा भर प्रॉक्सीवर आहे.

हजेरीच्या अ‍ॅपच्याच मशिनवर स्टनेल (साध्या जोडणीला टीएलएसमध्ये गुंडाळणारा छोटा प्रॉक्सी) बसवा. तो १२७.०.०.१ च्या ३८९ वर ऐकतो आणि पुढे डोमेन कंट्रोलरच्या ६३६ वर टीएलएसने जातो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव बदलून लोकलहोस्ट लिहायचं, बस. उघडा पासवर्ड मशिनच्या बाहेर पडतच नाही, आणि डोमेन कंट्रोलरला टीएलएसमधलं साधं बाइंड चालतं. जावा ७ ला टीएलएस १.२ येतं खरं, पण क्लायंट म्हणून ते आपणहून वापरत नाही. तेव्हा तिथे जावाशी भांडण्यापेक्षा हे बरं.

आता यातल्या खाचा.

पहिली: स्टनेल मुळात समोरचं सर्टिफिकेट तपासत नाही. साखळी तपासणं आणि होस्टचं नाव तपासणं हे दोन्ही तुम्हालाच चालू करावं लागतं. ते न करता बसवलेले स्टनेल मी भरपूर पाहिलेत.

दुसरी: हे फक्त साध्या बाइंडला चालतं. अ‍ॅप एनटीएलएम किंवा कर्बरॉसने सासल बाइंड करत असेल तर नाही. आतल्या अ‍ॅपला बाहेरचं टीएलएस दिसतच नाही, त्यामुळे चॅनेल बाइंडिंग जुळत नाही. उलट ते अ‍ॅप आतून साइनिंग मागत असेल तर एडी टीएलएसच्या आत पुन्हा साइनिंग करू देत नाही. २८८९ मध्ये प्रकार १ असलेल्यांनाच प्रॉक्सीमागे न्या.

तिसरी, आणि हीच सगळ्यांना घुमवते: रेफरल. अ‍ॅप डोमेनच्या मुळापासून शोध घेत असेल तर एडी उत्तरासोबत ‘बाकीचं तिकडे विचारा’ असे पत्ते देतो, म्हणजे डीएनएस झोनची आणि कॉन्फिगरेशनची पार्टिशन्स. आज्ञाधारक क्लायंट त्या पत्त्यावर थेट जातो, पोर्ट ३८९ वर, प्रॉक्सीला वळसा घालून. तिथे त्याला नकार मिळतो किंवा फायरवॉल अडवते आणि तो टाइमआउटपर्यंत लटकतो. लॉगिन होतं पण दीड मिनिटाने, अशी तक्रार आली की आधी हेच बघा. उपाय तीन: अ‍ॅपमध्ये रेफरलच्या मागे जाणं बंद करा, पीएचपीत ती एका ओळीची सेटिंग आहे. किंवा शोधाचा पाया मुळाऐवजी युजर असलेल्या ओयूवर (डिरेक्टरीतल्या उपविभागावर) आणा. किंवा प्रॉक्सी ६३६ ऐवजी ग्लोबल कॅटलॉगच्या (सगळ्या फॉरेस्टच्या संक्षिप्त सूचीच्या) ३२६९ वर न्या, तिथे हे रेफरल येत नाहीत. मात्र ग्लोबल कॅटलॉगमध्ये सगळे गुणधर्म नसतात, ते तपासून घ्या.

चौथी: एडी १५ मिनिटं गप्प असलेलं कनेक्शन तोडतो. ती मर्यादा ९०० सेकंदांची आहे. जुन्या कनेक्शन पूलला हे कळत नाही आणि सकाळचं पहिलं लॉगिन पडतं. हे आधीही होत असणार, पण प्रॉक्सी बसवल्यावर खापर त्याच्यावर फुटतं.

तिसरी_घंटा

जावावाल्यांसाठी एक भर. जावा ८ च्या अपडेट १८१ पासून, म्हणजे जुलै २०१८ पासून, एलडॅपएस (टीएलएसवरचं एलडॅप) जोडताना सर्टिफिकेटवरचं नाव आणि आपण मागितलेलं नाव जुळतं का हे जावा तपासतं. त्याआधी तपासत नव्हतं. त्यामुळे ज्यांनी आयपी टाकून किंवा डीएनएसमधलं टोपणनाव वापरून ६३६ चालवलं होतं, त्यांचं नुसतं जावा अपडेट झालं तरी मोडतं आणि शिव्या डोमेन कंट्रोलरला बसतात. ही तपासणी बंद करायची सिस्टिम प्रॉपर्टी आहे. ती वापरू नका. सर्टिफिकेट नीट करा.

एडीच्या ‘कर्बरॉस ऑथेंटिकेशन’ टेम्प्लेटवरून निघालेल्या सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरच्या पूर्ण नावासोबत डोमेनचंही नाव असतं, म्हणून अ‍ॅपमध्ये नुसतं डोमेनचं नाव टाकलं तरी जुळतं. टोपणनाव हवंच असेल तर ते पर्यायी नावांत घालून वेगळं सर्टिफिकेट काढा आणि एनटीडीएस सर्व्हिसच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये ठेवा. एलडॅपएससाठी तिथलं सर्टिफिकेट आधी उचललं जातं. मशिनच्या स्टोअरमध्ये चार सर्टिफिकेटं असली की कुठलं निवडलं जाईल यावर विसंबून राहू नये.

रात्रपाळी

अवांतर: माझ्या आधीच्या नोकरीत सर्टिफिकेट दरवर्षी आपोआप नवं व्हायचं आणि त्याच दिवशी दोन अ‍ॅप्स बंद पडायची. त्यांनी सर्टिफायिंग अथॉरिटीऐवजी डोमेन कंट्रोलरचंच सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये (अ‍ॅप ज्यांच्यावर विश्वास ठेवतं त्या सर्टिफिकेटांच्या साठ्यात) टाकलं होतं. नवा सर्व्हर आणला तर हे पहिल्याच मिनिटाला मोडेल.

तिसरी_घंटा

हे अजिबात अवांतर नाही. यादीत घाला. ट्रस्टस्टोअरमध्ये मूळ अथॉरिटी टाका.

काळा_पडदा

धागा एडीचा आहे पण ओपनएलडॅपवाले (तो वेगळा, मुक्तस्रोत एलडॅप सर्व्हर आहे) वाचत असतील तर: २.४ वरून २.६ ला जाताना दुखणी वेगळी आहेत. बीडीबी आणि एचडीबी हे जुने बॅकएंड (डेटा साठवण्याचे प्रकार) २.५ मध्येच गेले, आता एमडीबी. म्हणजे जुनं पॅकेज काढण्याआधी जुन्याच स्लॅपकॅट टूलने सगळं एलडीआयएफमध्ये (साध्या मजकूर फाइलीत) उतरवून घ्यायचं. नवीन बायनरी जुनी फाइल उघडणारच नाही. पासवर्ड पॉलिसीचा स्कीमा २.५ पासून मॉड्यूलच्या पोटात आहे, त्यामुळे कॉन्फिगमधला जुना स्कीमा काढला नाही तर सर्व्हर उठत नाही.

आणि अ‍ॅप्लिकेशन्सचं म्हणाल तर एलडॅप आवृत्ती २ बोलणारी अजून सापडतात! ती आवृत्ती २००३ मध्येच इतिहासजमा घोषित झाली. ओपनएलडॅपमध्ये आवृत्ती २ च्या बाइंडला मुभा देणारी एक ओळ आहे, ती जुन्या कॉन्फिगमध्ये होती का हे उतरवताना बघा. मीही सांधेवालांसारखंच करतो: मुभा मुख्य सर्व्हरवर न देता पुढे एक छोटा ओपनएलडॅप प्रॉक्सी ठेवतो, त्यावरच देतो. त्यात गुणधर्मांची नावं बदलून देण्याचीही सोय आहे. जुन्या अ‍ॅपला ‘यूआयडी’ हवं आणि डिरेक्टरीत ‘सॅमअकाउंटनेम’ आहे, असं असलं की उपयोगी पडते.

खटपट्या (धागाकर्ता)

स्कॅनरचं काय करू? त्यांना टीएलएस १.० च्या पुढे येत नाही आणि फर्मवेअर नवीन निघत नाही. त्यांच्यावर स्टनेल तर बसणार नाही.

सांधेवाला

छोटं लिनक्स मशिन मध्ये ठेवा, पुढच्या बाजूला जुनं टीएलएस, मागच्या बाजूला १.२. पण लक्षात घ्या, ओपनएसएसएल ३ मध्ये टीएलएस १.० नुसतं चालू करून चालत नाही, सिक्युरिटी लेव्हलही ० वर आणावी लागते. तेव्हा त्या मशिनला स्कॅनरच्या व्हीलॅनबाहेरचं (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कबाहेरचं) कुणी पोचणार नाही असं बघा. बाइंडसाठी खातंही असं द्या की ज्याला नाव आणि ईमेल सोडून काही वाचता येणार नाही.

मधुमालती

किंवा एलडॅपच काढून टाका. अ‍ॅड्रेस बुक सीएसव्हीतून स्कॅनरमध्ये चढवता येत असेल तर रात्री एक स्क्रिप्ट ते काम करेल. दरवेळी जुन्या सवयीला जगवायलाच हवं असं नाही.

आता कर्बरॉस (एडीची तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत), कारण यावर कुणी लिहिलं नाही आणि २०२५ मधला खरा बदल इथे आहे. २०२५ चा केडीसी (डोमेन कंट्रोलरवरची तिकिटं देणारी सेवा) आरसी४ हे जुनं एन्क्रिप्शन वापरून टीजीटी (लॉगिनचं पहिलं तिकीट) देत नाही. जुन्या लिनक्स सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेले कीटॅब (खात्याच्या की साठवलेल्या फाइली), ज्यात फक्त आरसी४ ची की आहे, ते २०२५ समोर उभे राहिले की संपलं. गंमत अशी की चारपैकी एकच सर्व्हर २०२५ चा असेल तर अ‍ॅप कधी चालतं, कधी नाही. त्याला कोण भेटतो त्यावर ते ठरतं. असा अधूनमधून येणारा बिघाड शोधताना माणूस वेडा होतो.

शोधायचं असं: सिक्युरिटी लॉगमध्ये ४७६८ आणि ४७६९ बघा, त्यात तिकिटाचा एन्क्रिप्शन प्रकार असतो. ०x१७ म्हणजे आरसी४. ०x११ आणि ०x१२ म्हणजे एईएस. जिथे ०x१७ दिसतो ती खाती उतरवून घ्या.

मग कारण बघा. काही खात्यांचा पासवर्ड इतका जुना असतो की डोमेनची लेव्हल २००८ होण्याआधी ठेवलेला. अशा खात्याकडे एईएसची की नसतेच, कारण ती पासवर्ड ठेवताना तयार होते. पासवर्ड एकदा बदलला, तोच पुन्हा ठेवला तरी, की तयार होते. बाकीच्यांत खात्याच्या एन्क्रिप्शन प्रकारांच्या गुणधर्मात कुणीतरी फक्त आरसी४ लिहून ठेवलेलं असतं. तिथे २४ लिहिलं की दोन्ही एईएस, २८ लिहिलं की सोबत आरसी४ पण.

कीटॅब नव्याने काढताना दोन खोड्या. पासवर्ड बदलला की कीचा क्रमांक वाढतो, जुना कीटॅब त्याच क्षणी बाद. म्हणून दोन्ही कामं एकाच खेपेत. आणि एईएसची की बनवताना रिअल्म आणि खात्याचं नाव सॉल्ट म्हणून मिसळतात, आरसी४ मध्ये सॉल्ट नव्हताच. हाताने कीटॅब बनवताना नावातलं लहान-मोठं अक्षर चुकलं तरी पूर्वी चालून जायचं, आता नाही. पासवर्ड बरोबर, तरी प्री-ऑथेंटिकेशन फसतंय, असं दिसलं की सॉल्ट तपासा.

जावा ८ च्या अपडेट १६१ आधीच्या आवृत्त्यांना २५६ बिटांसाठी वेगळी पॉलिसी फाइल लागते, तेही बघून घ्या.

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

जुनेजाणते

नॅसचं राहिलं. २०२५ मधून एनटीएलएम (पासवर्ड तपासण्याची जुनी पद्धत) आवृत्ती १ काढून टाकलीय. लॉगऑनच्या ४६२४ इव्हेंटमध्ये पॅकेजचं नाव ‘एनटीएलएम व्ही१’ दिसतंय का बघा. आत जुना सांबा ३ (विंडोजसारखं फाइल शेअरिंग देणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात क्लायंटसाठी आवृत्ती २ चालू करायची एक ओळ असते, पण व्हेंडरच्या डब्यात ती फाइल हाताला लागेलच असं नाही. एसएमबी १ (जुना फाइल-शेअरिंग प्रोटोकॉल) पुरतंच अडलेलं असेल तर मी त्याच्यावर वेळ घालवणार नाही. डेटा हलवा, डबा बंद करा.

आणि इंट्रानेटच्या आयपीबद्दल. कोड बदलता आला तर उत्तम. नाहीतर जुना सर्व्हर डिमोट करून, त्याचा आयपी बदलून, तो मोकळा झालेला आयपी नव्या डोमेन कंट्रोलरला द्या आणि डीएनएसमधल्या नोंदी नीट झाल्या का पाहा. नव्याला जुना आयपी दुसरा म्हणून जोडू नका. दोन आयपींचा डोमेन कंट्रोलर डीएनएसमध्ये दोन्ही पत्ते नोंदवतो आणि मग रेप्लिकेशनपासून लॉगिनपर्यंत कुठेही गोंधळ उडतो.

खटपट्या (धागाकर्ता)

सद्यस्थिती लिहितो. हजेरीचं अ‍ॅप स्टनेलमागे गेलं, सांधेवाला म्हणाले ती रेफरलची अडचण तंतोतंत आली, ओयू बदलून सुटली. इंट्रानेटच्या कोडमध्ये आता डोमेनचं नाव आहे. विकीवाल्यांनी स्वतःच ६३६ लावलं. बॅकअपचं सॉफ्टवेअर अद्ययावत आवृत्तीत साइनिंग करतं. स्कॅनरसाठी सीएसव्ही. साइनिंग आता दोन्ही २०१६ वर अनिवार्य आहे आणि शांतता आहे. २०१२ आर२ अजून काढलेले नाहीत.

उरलं ते साठ्याचं सॉफ्टवेअर, अनामिक बाइंडवालं. ते सध्या कसं चालतंय हेच मला कळत नव्हतं. आता सापडलं: कुणीतरी कधीकाळी डीएस ह्युरिस्टिक्स या डिरेक्टरीच्या सेटिंगमध्ये सातवा अंक २ करून, म्हणजे अनामिक वाचनाला मुभा देऊन, ठेवलाय.

मधुमालती

ते सापडलं हे फार बरं झालं. ती किंमत कॉन्फिगरेशन पार्टिशनमध्ये असते, फॉरेस्टभर लागू होते, आणि सर्व्हर बदलल्याने जात नाही. म्हणजे अपग्रेडनंतरही सॉफ्टवेअर चाललं असतं आणि ते भोकही नव्या सर्व्हरवर जसंच्या तसं आलं असतं.

इथे एडी एलडीएस वापरा. वेगळ्या मेंबर सर्व्हरवर छोटी एलडॅप डिरेक्टरी, तिचा स्कीमा वेगळा, तिचे नियम वेगळे. त्यात फक्त नाव, विभाग, फोन एवढंच एडीमधून सिंक करा आणि अनामिक वाचन तिथेच द्या. साठ्याच्या सॉफ्टवेअरला हवी ती झाडाची रचनाही तिथे तशीच उभी करता येते. पुढेमागे कुणाला तिथून लॉगिनही हवं झालं तर एलडीएसमध्ये प्रॉक्सी ऑब्जेक्ट असतात, ते साधं बाइंड घेऊन पासवर्ड मूळ एडीकडून तपासून आणतात. तसं प्रॉक्सी बाइंड सुरुवातीला टीएलएसवरच चालतं, ते तसंच राहू द्या.

रात्रपाळी

आणि तो सातवा अंक परत ० करायचा दिवस कोण ठरवणार?

खटपट्या (धागाकर्ता)

२०१२ आर२ डिमोट करण्याआधीचा शुक्रवार चेंज कॅलेंडरमध्ये टाकलाय. एलडीएस त्याआधी उभं करतोय. सिंकमध्ये अडलो तर इथेच विचारेन.

सांधेवाला

शुक्रवार नको हो. मंगळवार घ्या.